बाईचं दुखणं आणि हजार विड्या

सोलापुरात बायकांसाठी आरोग्य शिबिर घ्यायचं ठरलं की फलकावर आपण लिहितो : रक्तक्षय, अंगावरून जाणं, स्तनांची तपासणी. बाया येतात आणि सांगतात : मान आखडली, खांदा वर जात नाही, कंबर धरली, उठता-बसता गुडघा कटकट वाजतो. पूर्व भागातल्या वस्त्यांत तर एक तेलुगू शब्द सतत कानावर पडतो, 'नोप्पी'. दुखतंय. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर या नोप्पीला रकाना नाही. ती 'इतर' मध्ये जाते. शिबिर आटोपतं तेव्हा 'इतर' चा रकाना भरून कागदाच्या मागच्या बाजूला गेलेला असतो. डॉक्टर गोळ्यांची पट्टी देतात, बाई ती पदराला बांधते आणि घरी जाऊन सूप पुन्हा मांडीवर घेते.

या 'इतर' विषयी मला लिहायचं आहे. सांधे आणि स्नायूंचं दुखणं हा बाईच्या श्रमाचा प्रश्न आहे, आणि त्यावरचा उपचार, म्हणजे फिजिओथेरपी, आपल्या मागण्यांच्या यादीत यायला हवा, असं माझं मत आहे. फिजिओथेरपी म्हटलं की क्रिकेटपटू किंवा बंगल्यातल्या आजीबाई डोळ्यांसमोर येतात, आणि तिथेच आपण थांबतो.

विडीचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तेंदूची पानं भिजवायची, फडक्यात गुंडाळून मऊ करायची, मापाचा पत्रा ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पानात चिमूटभर तंबाखू घालून बोटांनी वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. हजार विड्या म्हणजे हे सगळं हजार वेळा. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले. पाठीला टेका नाही, मांडी घातलेली, मान खाली, असे तासन्‌तास. माणसाचं डोकं चार-पाच किलो वजनाचं असतं. ते पुढे झुकलं की सावरून धरायला मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंना कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. स्नायू आवळतो आणि सैल होतो, त्यातून त्याचा रक्तपुरवठा नीट चालतो. सतत ताणलेलाच राहिला की तो थकतो आणि दुखतो. दुसरीकडे गुडघा दुमडलेला, मांडीचे स्नायू बिनकामाचे, म्हणून अशक्त. अंगठ्याच्या मुळाशी मनगटातून जाणाऱ्या दोऱ्या त्याच त्या हालचालीने सुजतात. हे वय झाल्याचं दुखणं आहे असं सगळेच सांगतात, पण पंचविशीतल्या मुली मान धरून बसतात तेव्हा वयाचा हवाला कसा द्यायचा?

आणि सूप खाली ठेवलं म्हणजे विश्रांती असंही नाही. वर्षानुवर्षं काही-काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात पाणी आलं की घागरी, बादल्या, पिंपं भरायची. ती भरायची कुणी हे वेगळं सांगायला नको. 'घरकामात व्यायाम होतोच की' असं म्हणणारे डॉक्टर मला भेटलेत. दमणं आणि व्यायाम यातला फरक ज्यांच्या घरी पाणी दुसरं कुणी भरतं त्यांना कळणं अवघड आहे. टॉवेलच्या शिलाईत, गणवेशाच्या कारखान्यात, शिवणयंत्रावर बसणाऱ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

एका वस्तीत पन्नाशीच्या एक अक्का आहेत. त्यांचा उजवा खांदा जखडला. वेणी घालता येईना, साडीचा पदर मागून घेता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. विडी मात्र वळता येत होती, कारण विडी वळताना कोपर अंगाजवळच असतं. त्यामुळे घरात तो आजार धरलाच गेला नाही. 'काम तर करतेय की,' असं मुलगा मला म्हणाला. बाईचं अंग किती बिघडलं ते तिच्या कमाईवरून मोजायचं, वेणीवरून नाही! त्यांना मधुमेह आहे. मधुमेहात आणि चाळिशी-पन्नाशीत असा खांदा जखडणं जास्त आढळतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका खासगी दवाखान्यात त्या दहा दिवस गेल्या. रोज यंत्राचा शेक, रोज पैसे. घरी काय करायचं ते कुणी शिकवलं नाही. अकराव्या दिवशी पैसे संपले आणि खांदा होता तिथेच राहिला.

पुढे आमच्याबरोबर येणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. ओणवं होऊन, दुसरा हात कट्ट्यावर टेकून, दुखरा हात सैल सोडून झोपाळ्यासारखा हलवायचा. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवायची, जिथे थांबतील तिथे खूण करायची. अक्कांनी कुंकवाने खुणा केल्या. काही महिन्यांत खुणांची शिडी दाराच्या चौकटीजवळ पोचली. जखडलेला खांदा सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. हेही त्यांना आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या कंटाळल्या नाहीत. खरी फिजिओथेरपी ही अशी असते : नीट तपासून, काय बिघडलंय ते बाईला तिच्या भाषेत सांगून, तिच्याकडून करून घ्यायची गोष्ट. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण ज्या दवाखान्यात यंत्राखाली झोपवतात आणि व्यायाम शिकवत नाहीत, तिथे बाईला आयुष्यभराची गिऱ्हाईक करून ठेवलेलं असतं.

गोळ्यांचंही तसंच. दुखणं मारणाऱ्या गोळ्या दुकानात मागितल्या की मिळतात. हजार पुरे करायचे म्हणून सकाळी एक, संध्याकाळी एक. वर्षानुवर्षं अशा गोळ्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. ज्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे त्यांना धोका आणखी.

सगळ्यात भयंकर गोष्ट कंबरदुखीची होते. बाईची कंबर दुखते म्हटलं की बोट गर्भाशयाकडे जातं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या प्रश्नाला मुकादम, उचल, पाळीच्या दिवसांचा खाडा आणि खासगी डॉक्टरांचा नफा अशा अनेक बाजू आहेत. पण मोळ्या उचलून दुखणारी कंबर ही कंबर आहे, पिशवी नाही, हे सांगणारं माणूस त्या बायकांच्या वाटेत कुठेच नव्हतं. आणि पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात, म्हणजे कंबर पुन्हा दुखायची ती दुखतेच.

आपलंही थोडं तपासायला हवं. स्त्री म्हणजे गर्भाशय, या सरकारी नजरेशी चळवळ भांडली. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांविरुद्ध लढली, गर्भलिंगचाचणीविरुद्ध लढून १९८८ मध्ये महाराष्ट्रात कायदा करून घेतला. ती लढाई आवश्यकच होती. पण भांडता भांडता आपलं आरोग्याचं काम बरंचसं ओटीपोटाभोवतीच राहिलं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला मातामृत्यू, कुटुंबनियोजन, कुपोषण शिकवलं गेलं. गुडघा शिकवला गेला नाही. बाळंतपणं संपलेली, पाळी जात आलेली, अजून वीस वर्षं विड्या वळायची असलेली बाई कुणाच्याच कार्यक्रमात बसत नाही. आणि गुडघ्याची झीज नेमकी पाळी गेल्यावर बायकांना पुरुषांपेक्षा जास्त गाठते.

आता कायद्याकडे. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या, कळवणं बंधनकारक असलेल्या २९ आजारांची यादी होती. २०२० च्या कामगारसुरक्षा संहितेतही तशीच यादी आहे. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार आहे, आवाजाने येणारं बहिरेपण आहे. सांधा, स्नायू, मनगट यांचं नाव नाही. याउलट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत त्याच त्या हालचालीने सुजणारी अंगठ्याकडची मनगटाची दोरी आहे, मनगटात दबणारी नस आहे, आणि गुडघे टेकून किंवा उकिडवं बसून काम केल्याने गुडघ्यातल्या गादीला होणारी इजाही आहे. म्हणजे विज्ञानाला हे ठाऊक आहे, आपल्या कायद्याला नाही. शिवाय घरी बसून वळणारीची तपासणी करायला कारखान्याचा डॉक्टर येणार तरी कुठून?

विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला. विडीवर उपकर होता आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत असं चालायचं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. आता हे सगळं केंद्राच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर आहे. विडी कामगारांच्या दवाखान्यात खोकला, ताप, रक्तदाब पाहिला जातो. विडी वळणाऱ्या बाईला सर्वात जास्त लागणारी व्यक्ती म्हणजे फिजिओथेरपिस्ट, पण तिथे तिची जागाच धरलेली नाही. सरकारी विमा योजनांची तर रचनाच दाखल होऊन करायच्या उपचारांची. गुडघा बदलण्याइतका झिजू द्या, मग बघू. सोलापुरी पंचा गुंडाळून गुडघ्याखाली ठेवायचा, गुडघा त्यावर दाबून दहा आकडे मोजायचे, सोडायचं, पुन्हा दाबायचं : हा मांडीचा व्यायाम शिकवायला मात्र कुठल्याच योजनेत पैसा नाही.

'सिव्हिलला जा ना, तिथे फुकट आहे,' असं म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा. आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली लढून विडी कामगार बायकांनी कुंभारीला गोदुताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत मिळवली, २००६ मध्ये घरं ताब्यात आली. पुढे रे नगर झालं, २०२४ च्या जानेवारीत तिथल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एवढी मोठी गोष्ट देशात क्वचितच कुठल्या कामगार बायकांनी मिळवली असेल, मला तिचा अभिमान आहे. पण या वसाहती शहराबाहेर. तिथून सिव्हिलला यायचं म्हणजे जाता-येता भाडं, रांग, आणि अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. एखादे दिवशी बाई ते करील. फिजिओथेरपी एका दिवसाची नसते. तिला आठवडे लागतात, महिने लागतात. हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईसाठी फुकटचा उपचारही महागच.

म्हणून उपचाराने वस्तीत यावं, एवढी साधी मागणी आहे. वसाहतीतल्या दवाखान्यात आठवड्यातून ठरलेले दोन दिवस फिजिओथेरपिस्ट, शक्यतो बाई, शक्यतो तेलुगू बोलणारी. पाठ-कंबर दाखवायची तर पुरुषापुढे संकोच होतो आणि सोबत सासू येऊन बसते. आणि एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी : सगळीच दुखणी विडीची नसतात. पाठीवरचा, दंडावरचा मार 'पडले' म्हणून सांगितला जातो. अर्धा तास निवांत हात लावून 'इथे दुखतं का, कसं लागलं' असं विचारणारी बाई भेटली तर ते बाहेर येऊ शकतं. या फिजिओथेरपिस्ट मुलींना आपण स्त्रियांवरील हिंसेबद्दल शिकवावं, त्यांनी आपल्याला स्नायू शिकवावेत. हा सौदा दोघींच्या फायद्याचा आहे.

मुलींच्या खेळाचंही यातच येतं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. पेपरांनी फोटो छापले. पण खेड्यातल्या शाळेत खो देताना जिचा गुडघा पिळवटतो तिला हळद-चुन्याचा लेप आणि 'आता पुरे खेळ' एवढंच मिळतं. एकदम वळताना, थांबताना गुडघ्यातला बंध तुटण्याची इजा मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. मांडीचे स्नायू घटवले, उडी मारून नीट उतरायला शिकवलं तर ती बरीच टळते. मुलाचा गुडघा दुखला तर त्याची स्पर्धा हुकते. मुलीचा दुखला तर खेळ सुटतो आणि पुष्कळदा पाठोपाठ स्थळ येतं.

सावधगिरीचं एक सांगून ठेवते, कारण आपल्या गटांत उत्साह फार. व्यायाम सगळ्याला औषध नाही. पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, रात्री झोपू न देणारं दुखणं, ताप, उतरत जाणारं वजन, मार लागल्यावर वाढलेली सूज, असं काही दिसलं तर आधी डॉक्टर. चोळणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

सध्या आमचा गट एका गोष्टीवर अडून बसला आहे. वळलेल्या विड्या द्यायला बाया कारखान्यात जातात तेव्हा मोजणी होईपर्यंत, छाट काढेपर्यंत त्या जमिनीवर बसून राहतात, कधी तासभर, कधी जास्त. त्या वेळात उभं राहून मान, खांदे, कंबर मोकळी करायचे व्यायाम घ्यायचे, पाठ टेकायला भिंतीलगत बाकं ठेवायची, एवढंच आम्ही मागितलं. एका कारखान्याच्या मॅनेजरने बाकांना नकार दिला : बाया बाकावर बसल्या तर छाट काढणाऱ्याच्या डोक्याच्या वर दिसतील, ते बरं दिसत नाही. त्याला आम्ही लेखी उत्तर मागितलं आहे. व्यायाम मात्र मंगळवारपासून सुरू झाले, अंगणात, त्याच्या खिडकीसमोर. पहिल्या दिवशी सात जणी होत्या. त्यातल्या एकीने हात वर करताना मोठ्याने 'अम्मा' म्हटलं, आणि रांगेतल्या आणखी चौघी उठून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.