औषधाच्या कागदावर चालणेही लिहा

मा. संपादक,


दरवर्षी १२ मे उजाडला की परिचारिका दिनाचे फोटो छापून येतात. मेणबत्त्या, शपथ, गुलाबाची फुले. हा मान त्यांचा आहेच. पण त्यांच्या एका कामाबद्दल त्या दिवशीही कोणी बोलत नाही. ते काम म्हणजे रोग्याला खाटेवरून उठवणे. ते न झाल्याची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून हे पत्र.

माझी आई अंगणात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात भरती केले, ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर "यांना बसवा, चालवा" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. इंजेक्शनची वेळ कागदावर लिहिलेली होती, ती एकदाही चुकली नाही. चालण्याची वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. आई जरा हलली की शेजारच्या खाटेवरचे, वॉर्डातल्या मावशी आणि आम्ही घरचेसुद्धा एका सुरात म्हणायचो, "कायले उठता? पडून राह्या न!" आम्हाला ती माया वाटत होती.

मग नर्सिंगची एक विद्यार्थिनी त्या वॉर्डात ड्युटीला आली. तिने आईकडून घोटे वरखाली करवून घेतले, खोल श्वास घ्यायला लावले. मला हाताशी घेऊन तिने आईला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवले, चक्कर येत नाही याची खात्री केली आणि वॉकर देऊन खिडकीपर्यंत नेले. तीन दिवसांनी तिची ड्युटी बदलली आणि आईचे चालणे थांबले. "ते पोरगी आज नाही आली काय?" आई रोज विचारायची. पुढे एक्स-रे उत्तम निघाला. आई मात्र आधाराशिवाय स्वयंपाकघरापर्यंत पुन्हा कधी गेली नाही.

त्या मुलीला सगळे येत होते. सांधे हलवणे, कूस बदलणे, रोग्याला उठवून बसवणे हे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहेच. पण तिला वॉर्डात ते कोणी विचारत नव्हते. बीपी घेतला का, सलाईन लावले का, एवढेच विचारले जात होते. ज्याचा हिशेब मागितला जात नाही, ते काम कितीही शिकवले तरी पुस्तकातच राहते.

पडून राहण्याने काय होते, हे वैद्यकाला नवे नाही. १९४७ सालीच रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरने अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहिला होता. छातीत कफ साचतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा पडतात. अमेरिकेत साठी उलटलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिले, तर पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. मग आजारी म्हाताऱ्या माणसाचे काय होत असेल? उलट, स्पेनमधील पाम्प्लोना येथे दवाखान्यात भरती झालेल्या, ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३७० रोग्यांचा अभ्यास झाला. निम्म्यांना रोज दोनदा थोडा थोडा व्यायाम दिला. काही दिवसांतच त्यांची स्वतःची कामे करण्याची क्षमता थोडी वाढली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांची ती घटली.

यावर कोणी म्हणेल, हे फिजिओथेरपिस्टचे काम. पण जिथे तो आहे तिथेही एका रोग्यापाशी तो दिवसातून अर्धा तास असतो. उरलेले साडेतेवीस तास कोणाचे? दुसरा आक्षेप खरा आहे. सिस्टर आधीच पुरत्या पडत नाहीत, त्यात हे ओझे कशाला? रिकामी पदे भरलीच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. पण आपल्या वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी घरचे एक माणूस असते. आपल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुंबईत रोग्यांच्या अशाच सोबतच्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. सोबतचा माणूस हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते. आपण त्याला वॉर्डातली गर्दी समजतो. सिस्टरने त्याला एकदा नीट शिकवले, तर "पडून राह्या" म्हणणाराच "चाला, उठा" म्हणू लागेल.

तिसरा आक्षेप रोगी पडण्याच्या भीतीचा. म्हणूनच शिक्षण हवे. पक्षाघाताच्या २,१०४ रोग्यांवरील मोठ्या अभ्यासात २०१५ मध्ये दिसले, की झटका आल्यावर २४ तासांच्या आत वारंवार उठवण्याची घाई केली तर फायद्याऐवजी तोटा होतो. कोणाला, कधी, किती, हे कळणे हीच विद्या, आणि ती सरावाच्या बाहुल्यावर शिकून येत नाही.

माझ्या मागण्या तीन. पहिली, खाटेपाशी लटकणाऱ्या कागदावर औषधाशेजारी एक रकाना असावा: आज किती वेळा बसवले, किती पावले चालवले, सही कोणाची. दुसरी, नर्सिंगच्या मुलींच्या नोंदवहीत जसे टोचलेल्या इंजेक्शनांना गुण असतात, तसे प्रत्यक्ष उठवलेल्या रोग्यांनाही असावेत. तिसरी मागणी अमरावतीकडे. पाम्प्लोनात व्यायाम करवून घेणारे व्यायामाचे प्रशिक्षकच होते. आपल्याकडे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ करून दाखवले. जिल्ह्यातल्या नर्सिंग शाळांनी मंडळाशी जोडून घेतले, तर आखाड्यातले ज्ञान वॉर्डापर्यंत यायला शंभर किलोमीटरही लागत नाहीत.

पुढच्या १२ मेला फुले जरूर द्या. पण त्या दिवशी जो रोगी स्वतःच्या पायांनी घरी गेला, त्याला पहिल्यांदा कोणी उभे केले, तेही विचारा. त्या परिचारिकेचा फोटो छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती