गाईडच्या मुलींना निर्णय घेऊ द्या



मुलींचे नेतृत्वगुण वाढावेत म्हणून शाळाशाळांतून हल्ली एका दिवसाची व्याख्याने ठेवली जातात. त्याच शाळांतली गाईड कंपनी, म्हणजे स्काऊटच्या धर्तीवरचे मुलींचे पथक, मात्र प्रजासत्ताक दिनाचे संचलन आणि पाहुण्यांचे स्वागत एवढ्यापुरती उरली आहे. अनेक वर्षे गाईड कॅप्टन, म्हणजे कंपनीची मार्गदर्शक शिक्षिका, राहिलेल्या मला हे पाहवत नाही.

गाईडची चळवळ मुलींनी स्वतः मागून घेतलेली आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली स्वतःला स्काऊट म्हणवत, कुणी न बोलावता हजर झाल्या. पुढच्याच वर्षी स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलींची वेगळी संघटना उभी करून ती बहीण ॲग्नेस यांच्याकडे सोपवली. १९११ मध्ये जबलपूरला भारतातली पहिली गाईड कंपनी निघाली. भारतीय मुलींना प्रवेश मिळायला मात्र आणखी काही वर्षे गेली. गाईडच्या जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ साली सुरू झालेले ‘संगम’, आपल्या पुण्यातच आहे.

गाईड पद्धतीचे सगळे मर्म पेट्रोलमध्ये, म्हणजे कंपनीतल्या छोट्या गटात आहे. सहा ते आठ मुलींचे एक पेट्रोल आणि त्यांची लीडर त्यांच्यातलीच, बारा-तेरा वर्षांची. सगळ्या लीडर मिळून कोर्ट ऑफ ऑनर भरवतात. शिबिर कुठे न्यायचे, वर्गणी किती घ्यायची, पैसे कशावर खर्चायचे, हे तिथे ठरते. एकजण इतिवृत्त लिहिते, एकजण हिशेब ठेवते. कॅप्टनने सल्ला द्यायचा आणि गप्प बसायचे. हे गप्प बसणेच शिक्षिकांना सर्वांत जड जाते. शिबिरात लाकडे ओली निघाली, तांदूळ कमी पडले, दोघींचे भांडण झाले, तर वाट लीडरनेच काढायची. पहिल्या वर्षी हजेरीलाही मान खाली घालून ‘हजर’ म्हणणाऱ्या मुली तिसऱ्या वर्षी ‘मॅडम, हे आम्ही ठरवलंय’ असे सांगताना मी कितीतरी वेळा ऐकल्या आहेत.

मुला-मुलींच्या एकत्र शाळेत मुलींची वेगळी कंपनी कशाला, असे विचारले जाते. एकत्र शिबिरात तंबू ठोकणे मुलांकडे आणि भाजी चिरणे मुलींकडे ही वाटणी कुणी न सांगताच होते, म्हणून. सगळ्या मुलीच असल्या की चर खणायलाही त्याच आणि खजिनदारही त्याच.

निर्णय घेण्याचा हा सराव पुढे कामी येतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण देणारा कायदा २०११ साली झाला. तरीही कित्येक गावांत सरपंचबाईंच्या नावाने कारभार पतीच पाहतात आणि बोल त्या बाईला लागतो. सभा चालवणे, विरोध ऐकून घेणे, वाचल्याशिवाय सही न करणे, यांतले काय तिला लहानपणी कुणी करू दिले होते?

शिबिरासाठी मुलीला रात्री बाहेर ठेवायला पालक घाबरतात. त्यांची भीती खरी आहे आणि तिला भाषणाने उत्तर देता येणार नाही. सोबत पुरेशा शिक्षिका, धड स्वच्छतागृहे, शिबिराआधी पालकांना दाखवलेली जागा, एवढे केले की परवानगी मिळते, असा माझा अनुभव आहे. खरी अडचण शाळांची आहे. गाईडचे काम शिक्षिकेच्या गळ्यात जादा म्हणून पडते, तासिका मिळत नाही आणि दहावी जवळ आली की मुलींना आधी गाईडमधूनच काढले जाते.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती, की जूनमध्ये वेळापत्रक लावताना गाईडला आठवड्याची एक तासिका द्यावी, ती कॅप्टनच्या कार्यभारात धरावी आणि वर्षातून एक मुक्कामी शिबिर व्हावे. पालकांनीही पुढच्या सभेत शाळेकडे कोर्ट ऑफ ऑनरच्या इतिवृत्ताची वही पाहायला मागावी.

– एक निवृत्त गाईड कॅप्टन, सातारा