मशीन बिघडले नाही, कपडे एका अंगाला गेले



या सदरात इस्त्री, मिक्सर आणि पाण्याची मोटर यांच्यावर लिहून झाले. वॉशिंग मशीनवर लिहा, असा आग्रह अनेक भगिनींचा होता, पण मी टाळत होतो. मशीनचे बिघाड नाना प्रकारचे आणि जागा ही एवढीशी. मागच्या रविवारी मात्र चेंबूरच्या एका घरी जाणे झाले आणि विषय आपोआप ठरला.

घर पुनर्वसन इमारतीतले, चौथ्या मजल्यावरचे. घरातल्या मावशींनी बावीस वर्षे दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केली. मुलगी शिकली, नर्स झाली. पगारातून थोडे थोडे साठवून तिने आईसाठी साडेसहा किलोचे मशीन घेतले. वरून कपडे टाकायचे, पूर्ण ऑटोमॅटिक. मशीन आले त्या दिवशी शेजारणी पाहायला आल्या, मावशींनी सगळ्यांना चहा केला. आणि तीनच महिन्यांनी मी गेलो तेव्हा काय पाहिले? मशीनवर प्लॅस्टिकचा कपडा टाकलेला, त्यावर गव्हाचा डबा, आणि मावशी पुन्हा मोरीत बसून ब्रशने चादरी घासत होत्या.

झाले होते असे. कपडे पिळायची वेळ आली की मशीन धडधड करी, जागचे हले. एकदा तर सरकत सरकत दाराच्या चौकटीपर्यंत आले. खालच्या मजल्यावरची मंडळी वर येऊन चार शब्द सुनावून गेली. एक मेकॅनिक आला. त्याने मशीनचे झाकणही उघडले नाही. "ड्रम गेला, चार हजार लागतील," म्हणाला आणि येण्याचे साडेतीनशे रुपये घेऊन गेला. जावईबापूंनी भंगारात काढायचा सल्ला दिला. मावशी कोणालाच काही बोलल्या नाहीत. मला चहा देताना मात्र हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझ्याच हातनं कायतरी चुकीचं बटन दाबलं गेलं असंल. मला वाचता येत नाही ना. पोरीचे एवढे पैसे घालवले मी."

तीन महिने त्या हे मनात ठेवून बसल्या होत्या. माझ्या अंदाजाने अशा आणखीही माता-भगिनी असतील, म्हणून आधीच सांगतो. चुकीचे बटन दाबल्याने मशीन धडधडत नाही. मशीनचा भारही बहुतेक वेळा बिघाडाने नव्हे, तर दोन साध्या कारणांनी जातो. एक म्हणजे आतले कपडे एका अंगाला जमा होतात. दुसरे म्हणजे मशीन चारही पायांवर सारखे उभे नसते. मावशींच्या घरी दोन्ही कारणे होती.

शेतावर गोफण फिरवली असेल त्याला ही गोष्ट पटकन कळेल. गोफणीत दगड लहानच असतो, पण वेगाने फिरवू लागलो की तो हाताला कसा ओढतो! वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. वरून कपडे टाकायच्या मशीनचा ड्रम पिळताना मिनिटाला साधारण ७०० फेरे घेतो. ड्रमच्या कडेला एकाच बाजूला पाव किलो ओला कपडा जास्त झाला, तर त्या वेगाला त्याची ओढ सुमारे ३४ किलोची होते. आणि ती ओढ दर सेकंदाला अकरा-बारा वेळा दिशा बदलते. आता पाव किलोच्या जागी चार किलोची भिजलेली गोधडी धरा. मशीन चालायला लागते यात नवल ते काय?

मावशींनी धुवायला टाकली होती ती गोधडीच. जुन्या लुगड्यांची, त्यांनी स्वतः शिवलेली. सुती कपडा पाणी पितो, गोधडी तर थरावर थर असल्याने अधिकच पिते. एकटी गोधडी ड्रममध्ये गोल पसरत नाही, गोळा होऊन एका कोपऱ्यात बसते. समोरच्या बाजूला तिला तोलणारे काहीच नसते. अशी हाताने शिवलेली जड गोधडी मशीनमध्ये टाकूच नये, हे माझे स्पष्ट मत. टपात भिजवावी, पायाने तुडवावी, कठड्यावर निथळत ठेवावी. घरातल्या तरुण मुलांना हे काम द्यावे.

सुताच्या जाड चादरीचे तसे नाही. ती मशीनमध्ये चालते, पण एकटी नको. दोन चादरी समोरासमोर, मध्ये टॉवेल, उशांचे अभ्रे असे भरावे. साडी टाकताना सहावारी असो की नऊवारी, घडी सैल मोडून ड्रमच्या कडेने गोल ठेवावी. सबंध साडी वरून सोडून दिली तर ती बाकीच्या कपड्यांभोवती दोरखंडासारखी गुंडाळते आणि त्या गाठोड्याचा एकच गोळा होतो. बुद्धपौर्णिमा किंवा १४ ऑक्टोबरच्या आधी घरोघरी पांढऱ्या साड्या धुतल्या जातात, तेव्हा ही तक्रार हमखास येते. कारण पांढरे वेगळे धुवायचे म्हणून एक-दोनच साड्या टाकल्या जातात. अशा वेळी घरातले पांढरे बनियन, सदरे, टॉवेल सोबत घालावेत.

फार कमी कपडे टाकले तरी भार जातो आणि ठासून भरले तरी जातो. वीणेची तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये, असे तथागतांनी सोण भिक्खूला समजावले होते. मशीनच्या बाबतीत सांगायचे तर ड्रम साधारण पाऊण भरावा आणि कपड्यांवर हात सहज आत जावा. मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात, ओल्यांचे नव्हे.

आता मशीन धडधडायला लागले तर करायचे काय? घाबरून भिंतीतले बटन बंद करू नका, आणि मशीनला मिठी मारून दाबून धरणे तर मुळीच नको. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे! पॅनेलवरचे थांबवायचे बटन दाबा. ड्रम पूर्ण थांबू द्या. मग झाकण उघडून कपडे हाताने सोडवा, गुंता काढा, जड कपडे समोरासमोर ठेवा आणि पुन्हा चालू करा. दहापैकी आठ वेळा एवढ्यावर काम होते. नव्या मशीनना हा असमतोल स्वतःच कळतो. त्या पिळणे थांबवून पुन्हा पाणी घेतात, कपडे सैल करून परत प्रयत्न करतात. आपल्याला वाटते, मशीन वेडे झाले, उगाच पाणी खाते आहे. दोन-तीन प्रयत्नांनी जमले नाही तर पडद्यावर 'यूई' किंवा 'यूबी' अशी अक्षरे काही मशीनमध्ये दिसतात. तिचे म्हणणे इतकेच की, बाई गं, कपडे जरा नीट कर.

एक गोष्ट मात्र कधीही टाकू नका. रेनकोट, ताडपत्री, बाळाच्या अंथरुणाखालचे मेणकापड, म्हणजे ज्यातून पाणी पाझरत नाही असे काहीही. त्याच्या घडीत पाणी पिशवीसारखे साठते. ड्रम पूर्ण वेगात असताना ते एकदम सुटले की तोल क्षणात जातो. २०१६ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला वरून कपडे टाकायच्या सुमारे २८ लाख मशीन परत बोलवाव्या लागल्या, कारण पिळताना जोरात हादरून वरचे झाकण निखळण्याचा धोका होता. तेव्हा हा प्रकार हसण्यावारी नेण्याचा नाही.

गोधडी बाहेर काढली तरी मावशींचे मशीन थोडे डुलतच होते. मग खाली वाकून पाहिले. मशीन चाकांच्या स्टँडवर ठेवलेले होते, खालून झाडता यावे म्हणून. आणि स्टँड होता बरोबर मोरीच्या तोंडाशी, जिथे पाणी वाहून जावे म्हणून लादीला उतार दिलेला असतो! त्याच इमारतीत एक निवृत्त गवंडी आजोबा राहतात. त्यांच्याकडून पाणसळ मागून आणली. मशीनवर ठेवली तर बुडबुडा पार एका टोकाला. पाणसळ नसेल तर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी मशीनवर ठेवा, ज्या बाजूला सांडेल ती बाजू खाली आहे असे समजा.

मशीनचा प्लग काढला, आतले पाणी सोडले आणि दोघांनी मिळून मशीन स्टँडवरून उतरवून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे दीड फूट सरकवले. पाण्याची नळी जेमतेम पुरली. मशीनचे पाय फिरवून लांब-आखूड करता येतात, काही मशीनना मात्र असा फिरणारा पाय एकच असतो. समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबून पाहावे. डुलले तर जो पाय अधांतरी आहे तो जमिनीला टेकेपर्यंत फिरवावा. त्यावर एक नट असतो, तो पान्याने वर मशीनच्या अंगाला घट्ट आवळावा. हा नट ढिला राहिला तर पाय महिनाभरात पुन्हा फिरतो. पुठ्ठ्याच्या घड्या किंवा लाकडाची ढलपी खाली घालू नये. पुठ्ठा भिजतो, ढलपी निसटते. बाजारात रबरी बूट मिळतात, त्यांनी आवाज कमी होतो, पण वाकडे मशीन सरळ होत नाही.

ज्यांच्याकडे दोन टबांचे मशीन आहे त्यांनी ड्रायरकडे लक्ष द्यावे. त्याचा वेग मिनिटाला १३००-१४०० फेऱ्यांपर्यंत असतो. धुण्याच्या टबात मावतात तेवढे कपडे ड्रायरमध्ये एका वेळी मावत नाहीत, दोन घाणे करावे. कपडे तळापासून चोहोबाजूंनी सारखे दाबून बसवावेत आणि वर ती प्लॅस्टिकची जाळीची चकती ठेवायलाच हवी. ही चकती कित्येक घरांत पहिल्या आठवड्यातच हरवते, मुले तिचे चाक करतात. ती नसली तर कपडे वर येऊन बाहेर फेकले जातात. झाकण उघडल्यावर ड्रायर थोड्याच वेळात थांबला पाहिजे. फिरतच राहिला तर ब्रेक गेला. मग ड्रायर वापरणे बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. फिरत्या ड्रायरमध्ये हात घालू नका, साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्या.

समोरून दार असलेले नवे मशीन पहिल्याच दिवशी भयंकर हादरत असेल, तर पाठीमागे पाहा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तिथे तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढायचे राहून जाते. काढल्यावर जपून ठेवा, घर बदलताना लागतील.

खरा बिघाड ओळखावा कसा? प्लग काढून, रिकाम्या मशीनचा टब वरच्या कडेला धरून हाताने खाली दाबा आणि सोडा. वर येऊन लगेच स्थिर झाला तर ठीक. पाळण्यासारखा डोलत राहिला, किंवा एका बाजूला कललेला दिसला, तर ज्या चार दांड्यांवर टब टांगलेला असतो त्या थकल्या आहेत. त्या चारही एकदम बदलाव्यात, एक बदलून भागत नाही. रिकामे मशीनही पिळताना हादरत असेल, किंवा ड्रमच्या वरच्या प्लॅस्टिकच्या कड्यातले खारे पाणी गळून गेले असेल (तोल सांभाळण्यासाठीच ते भरलेले असते), तर ते मेकॅनिकचे काम. पण त्याला सांगताना "आवाज येतो" एवढेच सांगू नका. रिकामे असताना येतो का, पाय पाहिले का, टब दाबून पाहिला का, हे सांगा. ज्याला माहिती आहे त्याला फसवणे अवघड जाते.

काही घरांत मशीन म्हणजे बायकांचे लाड, अशी भाषा ऐकू येते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी माता-भगिनींना स्वच्छतेने राहण्यास सांगितले. आपल्या आयांनी तो शब्द पाळला, पण स्वतःच्या कमरेच्या आणि मनगटांच्या जिवावर. ज्या पुरुषांना मशीन हा लाड वाटतो, त्यांनी एक महिना घरातल्या चादरी मोरीत बसून धुवाव्यात, मग बोलावे.

मावशींच्या मशीनमध्ये दोन चादरी, चार टॉवेल आणि नातवाचे शाळेचे कपडे टाकले. पिळायला लागले तेव्हा मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मशीनवर मी पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर बारीक लहरी उठल्या, पण पेला जागचा हलला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, गव्हाचा डबा उचलून फळीवर ठेवला.

राहता राहिले वाचता न येण्याचे. माहितीपुस्तक इंग्रजीत होते. मुलीने ते वाचून आईला मराठीत सांगितले आणि नखांच्या रंगाने बटनांवर ठिपके दिले. रोजच्या कपड्यांना लाल, चादरींना दोन लाल, थांबवायच्या बटनावर पांढरा. मावशींनी माझ्यासमोर तीनदा सगळे करून दाखवले. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "थांबवायचा ठिपका जरा मोठा कर गं, संध्याकाळी दिसत नाही."

पुढील अंकी : फ्रीजखाली पाणी का साचते?