वरणाच्या पाण्यावर बाळ पोसत नाही

बाळाचे उष्टावण आपल्याकडे मोठ्या हौसेने होते. मामा मांडीवर घेतो, चांदीच्या वाटीतली खीर चाटवली जाते. पण दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या वाट्याला काय येते? वरणाचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज, नाहीतर चहात बुडवलेले बिस्किट. "एवढ्याशा जिवाला जड पडेल," ही घरातल्या वडीलधाऱ्यांची भीती त्यामागे असते. माया खरी आहे, पण या मायेपोटीच बाळ उपाशी राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही नको, पाणीसुद्धा नको. त्यानंतर मात्र नुसते दूध पुरत नाही. जन्माच्या वेळी अंगात असलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. बाळाचे पोट मात्र जेमतेम वाटीभर. ते वरणाच्या पाण्याने भरले की बाळ गप्प झोपते आणि घरच्यांना वाटते, जेवण झाले! आईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५ च्या आसपास कॅलरी असतात. वरणाच्या पाण्यात तेवढ्याही नसतात. डाळ भांड्याच्या तळाशी आणि पाणी बाळाच्या पोटात, असा हा व्यवहार आहे.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार देशभरात शंभरात जेमतेम ११ जणांना मिळत होता. गरिबी हे याचे मोठे कारण आहेच. पण खाऊनपिऊन सुखी घरातली मुलेही यातून सुटलेली नाहीत.

मग द्यावे काय? आपले जुने खिमट उत्तम. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून भरडावी, मऊ शिजवावी आणि वर चमचाभर तूप घालावे. गुरगुट्या भात व घट्ट वरण, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, शिजवलेला लाल भोपळा हेही चालेल. चालत असेल त्या घरी नीट शिजवलेले अंडे द्यावे. अन्न चमच्यातून ओघळणार नाही इतके घट्ट हवे. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी आणि हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जावे. मीठ-साखरेची घाई नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. आईचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे.

वरचे अन्न सुरू झाले की शी बदलते. ती घट्ट होते, वास येतो, कधी गाजराचा तुकडा जसाच्या तसा दिसतो. लगेच "पचत नाही" म्हणून अन्न बंद करू नये. आईच्या दुधावर पोसलेल्या आतड्यातील उपकारक जंतूंच्या सोबतीला आता नवे जंतू येत असतात आणि आतडे नव्या अन्नाची सवय करून घेत असते. बाळ खेळते, हसते आहे ना? मग काळजी नको.

बाळाचे पोट बिघडते ते बहुधा घाणीमुळे. न धुतलेले हात, सकाळचे उरलेले अन्न आणि दुधाची बाटली हे तीन खरे शत्रू. वाटी-चमचा वापरावा. जुलाब झाले तरी अन्न आणि अंगावरचे दूध थांबवू नये. जलसंजीवनी द्यावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. शीतून रक्त पडत असेल, बाळ मलूल झाले असेल किंवा काहीच पीत नसेल तर घरी थांबू नये. आजार उतरल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे.

बाळ जेवले की नाही, हे त्याच्या गप्प झोपण्यावरून ठरवू नका. दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून घ्या आणि कार्डावर नोंदवा. वजनाची रेघ चढत नसेल, तर टॉनिकची बाटली मागण्याआधी बाळाच्या वाटीत डोकावून पाहा.