‘नैसर्गिक’ म्हणजे ताजे नव्हे!

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला आणि सारा गोवा ढवळून निघाला. परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर सरकारने काही दिवस बंदीही घातली. अशा वेळी एक साळसूद उपाय सुचवला जातो : रसायने नकोत, जिवाणूंनी बनवलेले ‘नैसर्गिक’ परिरक्षक वापरा!

यातले विज्ञान खोटे नाही. दुधात वाढणारे काही जिवाणू शेजारच्या जिवाणूंना मारण्यासाठी छोटी प्रथिने सोडतात. त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यांपैकी नायसिन चीजमध्ये कित्येक वर्षे वापरात आहे. धुरी दिलेल्या, हवाबंद पाकिटातल्या मासळीत लिस्टेरिया हा घातक जंतू फ्रिजमध्येही वाढतो. तिथे नायसिनचा उपयोग जरूर होतो. आणि जिवाणूंची मदत आपल्याला नवी थोडीच आहे? माडाच्या सुरेचे व्हिनेगर शेवटी जिवाणूच तर करतात. त्याच्याच जोरावर सुक्या मासळीचा पारो पावसाळाभर टिकतो.

मग आक्षेप कशाला? आक्षेप आहे तो हा उपाय बाजारातल्या ओल्या मासळीला चिकटवण्याला. ताजी मासळी नासवणारे स्यूडोमोनास, शेवानेला हे जिवाणू वेगळ्या जातकुळीचे. त्यांच्या पेशीला बाहेरून आणखी एक आवरण असते आणि एकटे नायसिन ते सहसा भेदू शकत नाही. बांगडे, तारले उष्म्यात पडून राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होते. ते तयार करणारे जिवाणूही बहुतेक याच जातकुळीचे. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. मग वरून नैसर्गिक फवारा मारून काय साधणार?

फॉर्मेलिन विषारी आहे, नायसिन नाही, हा फरक मोठाच. पण बर्फाचे पैसे वाचवून वर ‘नैसर्गिक’ची चिठ्ठी लावली, तर गिऱ्हाईक फसायचे ते फसतेच. मासळी टिकते ती थंडाव्याने. आपल्या हवेत किलोभर मासळीला किलोभर बर्फ लागतो, तोही होडीपासून बाजारापर्यंत न तुटता. हे कंटाळवाणे आहे, खर्चाचे आहे, म्हणूनच नवनव्या जादूच्या बाटल्या पुढे येतात.

तेव्हा सरकारकडे मागायचे असेल तर जेटीवर पुरेसा बर्फ मागा, बाजारात शीतगृह मागा, प्रत्येक ट्रकवर मासळी कधी पकडली याची तारीख मागा. आणि इसवण घेताना ‘नैसर्गिक आहे का?’ हे विचारूच नका. ‘कधीची?’ एवढेच विचारा.