पहिला कागद

नोकरीसाठी बेंगळुरूला आलेल्या मराठी माणसाला इथलं पोलीस ठाणं परकं वाटतं. कन्नड धड येत नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि वकील म्हटला की आधी फी आठवते. मग अन्याय झाला तरी तो ‘जाऊ दे’ म्हणतो. तसं म्हणू नका.

२००४ मध्ये याच शहरात एका हिजडा व्यक्तीवर सामूहिक बलात्कार झाला. पुढे पोलीस कोठडीत विवस्त्र करून, खिडकीला बेड्यांनी जखडून तिचाच छळ झाला. ही हकीकत कागदावर उतरली म्हणून कोर्टापर्यंत पोचली. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या विरोधात निकाल दिला, त्यात ती नोंदलेली आहे. २०१३ मध्ये तो निकाल फिरला, पण वकील हटले नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. या लढाईतले एक वकील अरविंद नारायण. शिक्षण इथल्याच नॅशनल लॉ स्कूलमध्ये, २००० साली सुरू झालेल्या ‘ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरम’च्या संस्थापकांपैकी एक, पुढे जिनिव्हातही मानवी हक्कांचं काम. असं काम पैशाच्या हिशेबात बसत नाही, तरी माणसं ते करतात, याचं मला फार मोल वाटतं.

म्हणून घडलेलं त्याच रात्री लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. तारीख, वेळ, जागा, कोण होतं. तक्रार दिलीत तर पोच घ्या. दवाखान्याचा कागद, मोबाइलमधले फोटो, पगाराची पावती, सगळं एका पिशवीत ठेवा.

आणि वकील मागा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० वर फोन करा, किंवा एच. सिद्धय्या रस्त्यावरच्या ‘न्याय देगुल’मध्ये राज्य प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते उतरवून घेतात. यात उपकार मागितल्यासारखं काही नाही, लाजू नका.

वकील मंडळींनो, तुमच्यापैकी अनेकांना कन्नड आणि मराठी दोन्ही येतात. महिन्यातला एक शनिवार द्या. पिशवी घेऊन आलेल्या बाईला आधी पाणी द्या, मग तिच्या भाषेत विचारा, ‘ताई, पहिल्यापासून सांगा.’