शिशाचा मुलामा आणि इलेक्ट्रॉन गन

"अ‍ॅक्सिलरेटर? ते आयआयटीवाल्यांचं काम. आपण बरं, आपलं सबमिशन बरं!" हे होस्टेलमध्ये नेहमी ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही.

इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटरची सुरुवात गनपासून होते. कॅथोडवर लेझर पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि कॅव्हिटीतलं आरएफ फील्ड त्यांना पुढे ढकलतं. इथेच ते विखुरले तर पुढे कितीही महागडं मशीन लावा, पाया कच्चाच! तांब्याच्या कॅव्हिटीत जोराचं फील्ड सतत ठेवलं की तांबं तापतं. नायोबियम मात्र ९.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं, मग उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ रोसेनडॉर्फला २००७ साली अशा गनमधून बीम निघाला. तरीही २०२३ साली पहिला प्रकाश देणाऱ्या अमेरिकेच्या एलसीएलएस-२ मध्ये पुढचा अ‍ॅक्सिलरेटर सुपरकंडक्टिंग, पण गन तांब्याचीच आहे. कारण हे काम नाजूक आहे. कॅथोडवरचा एखादा कण उडून कॅव्हिटीत पडला तरी फील्ड टिकत नाही.

आता सांगा, ही अडचण फक्त फिजिक्सची आहे का? वेल्डिंग, व्हॅक्यूम, पॉलिशिंग, स्वच्छता, हे तर आपलेच विषय!

कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये जड आयनांसाठीचा सुपरकंडक्टिंग लिनॅक २००७ साली पूर्ण झाला. त्यात तांब्याच्या २८ कॅव्हिटी आहेत, आणि त्यांना मुलामा आहे शिशाचा! शिसं ७.२ केल्विनखाली सुपरकंडक्टर होतं. हॅम्बुर्गच्या डेझी संस्थेत तर सुपरकंडक्टिंग गनसाठी शिशाचाच कॅथोड वापरून पाहिलाय. इंदूरचं आरआरकॅट नायोबियमच्या कॅव्हिटी बनवतं. मग आपल्या देशाची स्वतःची सुपरकंडक्टिंग गन का नको?

आमच्या कुंभार पिंपळगावात कुणी विचारेल, "बाई, याचा आम्हाला काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. लासलगावला २००२ साली कांद्यावर विकिरण करणारं केंद्र सुरू झालं, ते कोबाल्ट-६० वर. कोबाल्टला स्विच नसतो, आणि साधारण सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. इलेक्ट्रॉन बीम बटण दाबलं की बंद. त्याला लेझरवाली गन लागत नाही, हे कबूल. पण व्हॅक्यूम, आरएफ आणि बीम सांभाळणारी माणसं लागतातच. ती अवघड कामातूनच तयार होतात.

म्हणून सरांना एक विनंती. दरवर्षीच्या त्याच त्या इंडस्ट्रियल व्हिजिटऐवजी एकदा कुलाब्याला परवानगी मागून बघूया. आणि फायनल इयरला केमिकल-मेकॅनिकलच्या मुलांना मिळून एक प्रोजेक्ट द्या: तांब्याच्या पट्टीवर शिशाचा मुलामा, नीट देखरेखीखाली, आणि मायक्रोस्कोपखाली त्यातले खड्डे मोजायचे. गन लगेच बनणार नाही. पण 'ते आपलं काम नाही' असं म्हणायची सवय तरी मोडेल!